टोपीतले कबूतर, ताटातले लिंबू

उर्दू शिकवताना एक सोय असते. तिथे ‘सेहर’ वेगळा आणि ‘शोबदा’ वेगळा. सेहर म्हणजे ती काळी विद्या, जिच्यापासून आपण अल्लाहची पनाह मागतो. शोबदा म्हणजे हाताची सफाई, नजरेला दिलेला चकवा, मदाऱ्याचा खेळ. मराठीतही शब्दांची वाण नाही. करणी आहे, चेटूक आहे, हातचलाखी आहे, नजरबंदी आहे, गारूड आहे. पण बोलताना आपण या सगळ्यांवर एकच चादर टाकतो आणि म्हणतो ‘जादू’. वर्गात हे चालून जाते. घरात या एका शब्दावरून आमच्याकडे चार दिवस वाद चालला.

निमित्त झाले लाउडस्पीकर लावून फिरणाऱ्या रिक्षाचे. तालुक्याच्या गावी एका वाचनालयाच्या मदतीसाठी जादूचे प्रयोग होणार होते. परगावचा कोणी मोठा जादूगार नव्हता. आसपासच्या गावांतले पाच हौशी जादूगार एकाच मंचावर येणार होते. मोठ्यांना 50 रुपये, मुलांना 30. आमच्या दोन्ही मुलांनी ती घोषणा तोंडपाठ केली आणि जेवताना म्हणून दाखवली. दादींनी हातातला घास ताटात ठेवला.

“बेटा, जादूके पास बी नै फटकना बोलते अपने में. और तू टिकट काढके दिखाने लेके जाता?”

दादींचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नव्हते. जादूटोणा हा आपल्या दीनमध्ये मोठ्या गुनाहांपैकी एक. गैबच्या गोष्टी सांगण्याचा दावा करणाऱ्याकडे जाऊन विचारले तर चाळीस रात्रींची नमाज कबूल होत नाही, ही हदीसमधली ताकीद त्यांनी लहानपणापासून ऐकलेली. त्यांचा प्रश्न सरळ होता. जे हराम आहे ते मुलांना गंमत म्हणून कसे दाखवायचे?

आम्ही मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारले. ते म्हणाले, उलमांमध्ये यावर एकमत नाही. काहीजण अशा खेळांपासून लांबच राहा म्हणतात आणि त्यांचीही कारणे आहेत. दुसरे म्हणतात, खेळ करणारा ‘ही हाताची सफाई आहे’ हे स्वतः कबूल करतो का, कोणाला फसवून पैसे उकळतो का, त्यात बेशरमपणा आहे का, नमाज चुकते का, ते पाहा. मग हसून म्हणाले, “आणि सर, परत आल्यावर काय पाहिले ते मलाही सांगा.” दादींना हे सगळे सांगितले. त्या हो म्हणाल्या नाहीत, पण निघताना मुलांच्या हातावर वाटेत खायला शेंगदाण्याचे लाडू ठेवले. आमच्या घरात याला परवानगी म्हणतात.

रविवारी मगरिबची नमाज पढून आम्ही चौघे निघालो. सभागृह जुने, पंखे गरगरणारे, पडद्याला एका बाजूने ठिगळ. पण खुर्ची रिकामी नव्हती. बुरख्यातल्या बाया होत्या, नऊवारीतल्या आज्या होत्या, मांडीवर घेतलेली पोरे होती. आमच्या पुढच्या दोन रांगा सोडून आमच्याच गल्लीतली एक बाई सातवीतल्या मुलीला घेऊन बसली होती. ती मुलगी आमची विद्यार्थिनी. तिच्याबद्दल पुढे लिहायचे आहे.

पहिले जादूगार एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक. खाकी गणवेशातच आले, खांद्याला चामड्याची पिशवी. तिकिटाचा तुकडा फाडला, मुठीत धरला, फुंकर घातली, तिकीट सबंध. एका रुपयाचे नाणे एका प्रेक्षकाच्या कानातून काढले आणि म्हणाले, “तीस वर्षे सुट्ट्या पैशांसाठी भांडलो, ते सगळे इथे लपवले होते होय!” सभागृह असे हसले की पुढची दोन मिनिटे त्यांना काही करताच आले नाही. हात थरथरत होते, वयाने. पण नाणे बोटांवरून पाण्यासारखे सरकत होते. प्रयोगानंतर ते आम्हाला म्हणाले, शाळकरी वयात पुण्याच्या जादूगार रघुवीरांचा प्रयोग पाहिला आणि त्या रात्री झोपच आली नाही. रघुवीर 1984 साली गेले. त्यांचा मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी तोच वसा चालवला, एकाच घरात तीन पिढ्या. आमच्या वाहकाच्या घरात मात्र दुसरी पिढीही नाही. मुलगा म्हणतो, मोबाइलवर सगळे उघडे पडले आहे, आता कोण पाहणार?

दुसरा एक मणियार होता. बांगड्यांचा पिढीजात धंदा, जत्रेत आणि लग्नघरी फिरणारा. त्याने लोखंडी कड्यांचा खेळ केला, ज्याला जादूगार चायनीज रिंग म्हणतात. वेगवेगळी कडी एकमेकांत अडकतात, साखळी होते, पुन्हा सुटतात. खेळ जुनाच आहे, पण याने शेवटी कडी बाजूला ठेवली आणि काचेच्या हिरव्या बांगड्यांनी तेच केले. काच काचेतून गेली आणि तुटली नाही! आमच्या शेजारच्या आजीबाईंनी नकळत स्वतःच्या बांगड्या चाचपून पाहिल्या. हा माणूस रोज शंभर मनगटे हातात घेतो, कोणती बांगडी कुठे अडेल हे त्याची बोटे डोळ्यांआधी ओळखतात. कलेचे मूळ बहुतेकदा पोटाच्या धंद्यातच असते, असे आम्हाला तेव्हा वाटले.

तिसऱ्या मुलीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. कॉलेजात शिकणारी, दोरीचे खेळ करणारी, घाबरलेली. एक गाठ सुटायची ती सुटली नाही. लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या आणि ते बरे केले.

चौथे जोडपे मंडप डेकोरेशनचा व्यवसाय करणारे. त्यांनी स्वतः प्लायवुडची पेटी बनवली होती, वर लग्नाच्या स्टेजची उरलेली झालर. पेटीत माणूस घालून करवतीने दोन तुकडे करायचे, हा खेळ सर्वांना ऐकून ठाऊक असतो. लंडनच्या रंगमंचावर पी. टी. सेल्बिट यांनी तो जानेवारी 1921 मध्ये प्रथम लोकांपुढे केला. आपल्याकडच्या पी. सी. सरकारांनी 9 एप्रिल 1956 रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात एका मुलीला फिरत्या करवतीने कापले. मुलगी हलेना आणि कार्यक्रमाची वेळ तिथेच संपली. ती खरोखर मेली असे समजून लोकांनी बीबीसीला इतके फोन केले की लाइनी तुंबल्या. या शंभर वर्षांत पेटीत बाई आणि करवतीपाशी पुरुष ही वाटणी सहसा बदललेली नाही. आमच्या डेकोरेटरांनी ती बदलली. नवरा पेटीत झोपला आणि बायकोने करवत हातात घेतली. सभागृहातल्या बायकांनी जो जल्लोष केला, तो आम्ही क्रिकेटच्या सामन्यालाही ऐकलेला नाही. मुलांच्या अम्मीही त्यात होत्या, हे नोंदवून पुढे जातो.

पाचवा जादूगार सगळ्यांत साधा. पांढरा शर्ट, चष्मा, औषधाच्या दुकानात कामाला. त्याने आधी रिकाम्या टोपीतून कबूतर काढले. कबूतर पंख झाडून त्याच्या खांद्यावर बसले आणि आमचा मुलगा खुर्चीवर उभा राहिला. मग त्याने दिवे कमी करायला सांगितले. एक स्टीलचे ताट, ताटात पांढरे कापड, त्यावर एक लिंबू. त्याने आवाज बदलला. “या सभागृहात कोणाच्या तरी घरावर काहीतरी केलेले आहे,” असे म्हणाला. सभागृह चिडीचूप. त्याने सुरी उचलली, लिंबू कापले आणि पांढऱ्या कापडावर लालभडक थेंब पडले.

कोणीतरी किंचाळले. मागे एक मूल रडू लागले.

तेवढ्यात त्याने स्वतःच ओरडून दिवे लावायला सांगितले आणि हसत म्हणाला, “घाबरलात ना? आता बघा.” दुसरे लिंबू घेतले, दुसऱ्या सुरीने कापले, रस निघाला तसाच निघाला, लिंबाचा. मग त्याने पहिली सुरी वर धरली. तिच्या पात्यावर जास्वंदीच्या पाकळ्या चोळून वाळवल्या होत्या. जास्वंदीचा रंग आंबट रसात लालभडक होतो. वाळलेल्या पात्यावर तो लांबून दिसतही नाही. पुढे म्हणाला, “हळदीत चुना कालवला की कुंकवासारखा लाल रंग होतो, हे तुमच्या घरातल्या आज्यांना ठाऊक आहे. हळदीचा डाग साबणाने धुताना लाल होतो, हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. मंत्र म्हणून समिधा पेटवतात, तिथे तूप म्हणून जे ओततात ते ग्लिसरीन असते आणि खाली आधीच पोटॅशियम परमँगनेट ठेवलेले असते. ते मी इथे करणार नाही आणि तुम्ही घरी करायचे नाही, भाजते. मी जादूगार आहे, म्हणून सांगतो की मी फसवतो. जो फसवतो आणि सांगत नाही, त्याच्यापासून सांभाळा.”

आम्ही पुढच्या दोन रांगांपलीकडे पाहिले. आमच्या गल्लीतली ती बाई उभी राहिली होती.

या मुलीला दोन वर्षांपासून झटके येतात. वर्गात दोनदा आले. पहिल्यांदा आले तेव्हा कोणी कांदा आणायला धावले, कोणी चप्पल हुंगवा म्हणाले. आम्ही तिला कुशीवर वळवले, डोक्याखाली दप्तर ठेवले, तोंडात काही घालू दिले नाही आणि घड्याळ पाहत बसलो. झटका पाच मिनिटांच्या पुढे लांबला तर ताबडतोब दवाखाना, एवढे शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात कानावर पडले होते. झटका दोन मिनिटांत थांबला. आईला शाळेत बोलावून डॉक्टरकडे न्यायला सांगितले. ती मान हलवून गेली. नंतर कळले, दर गुरुवारी मुलीला शेजारच्या एका गावी नेतात. तिथे एक माणूस बसतो. तिथले लोक त्याला आमिल म्हणतात, स्वतः तो काय म्हणवतो ठाऊक नाही. त्याने पहिल्याच दिवशी मुलीवरून लिंबू उतरवले, ताटात पांढऱ्या कापडावर कापले आणि लाल निघाले. कोणीतरी नात्यातल्यानेच केले आहे, असे सांगितले. त्या दिवसापासून त्या घराचे धाकट्या जाऊबाईंशी बोलणे बंद. गुरुवारमागून गुरुवार गेले, पैसे गेले, शेवटी आईच्या कानातली फुले गेली. झटके मात्र होते तिथेच राहिले.

प्रयोग संपल्यावर गर्दी बाहेर पडू लागली आणि ती बाई उलट दिशेने, मंचाकडे गेली. मुलांच्या अम्मी तिच्यामागे गेल्या, म्हणून आम्हीही. ती जादूगाराला म्हणाली, “भाऊ, मी कापू का?” त्याने काही विचारले नाही. पिशवीतून लिंबू काढले, जास्वंदीची वाळलेली पाकळी काढली, तिच्याच हाताने सुरीवर चोळायला लावली. तिने लिंबू कापले. लाल निघाले. तिने ते कापड हातात घेऊन बराच वेळ पाहिले. मग पुसलेल्या सुरीने आणखी एक कापले. पुन्हा पहिल्या सुरीने एक. जादूगाराची सगळी लिंबे संपली तेव्हा ती थांबली. रडली नाही, बोलली नाही. मुलीचा हात धरून निघून गेली.

घरी परतताना आमच्या मनात चौदाव्या शतकातला एक काजी होता. इब्न बतूता आपल्या सफरनाम्यात चीनमधल्या खन्सा शहराची, म्हणजे आजच्या हांगझोऊची, एक हकिकत सांगतो. अमिराच्या मेजवानीत एका शोबदाबाजाने लाकडी गोळा वर फेकला, त्याला चामड्याच्या लांब वाद्या होत्या. गोळा दिसेनासा झाला. त्या वादीवरून एक पोरगा वर चढला आणि तोही दिसेनासा झाला. उस्तादाने तीन हाका मारल्या, उत्तर नाही. तो सुरी घेऊन रागाने वर गेला आणि वरून पोराचा हात, पाय, शेवटी डोके खाली पडले. मग खाली येऊन त्याने ते सगळे जुळवले, एक लाथ मारली आणि पोरगा उठून उभा. इब्न बतूताच्या काळजाची धडधड वाढली, त्याला औषध पाजावे लागले. अर्धी दुनिया पाहिलेला, दिल्लीत सुलतान मुहम्मद बिन तुघलकाच्या वेळी काजी राहिलेला हा माणूस! पण त्याच्या शेजारी बसलेले तिथले काजी शांत होते. त्यांनी त्याला अल्लाहची कसम घेऊन सांगितले की कोणी चढले नाही, कोणी उतरले नाही, काही कापले नाही, हा सगळा शोबदा आहे. इब्न बतूताने आपली भीतीही लिहिली आणि काजींचे बोलणेही लिहिले, हा त्याचा प्रामाणिकपणा. दोरीच्या या खेळावर पुढे किती वाद झाले! दिल्लीचे इशामुद्दीन खान हे मदाऱ्यांच्या घराण्यातले. त्यांनी 1995 मध्ये कुतुबमिनारच्या परिसरात उघड्यावर तो करून दाखवला आणि खेळ म्हणूनच दाखवला.

दादींना ही हकिकत आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितली. त्यांना ती आवडली, पण त्यांचा मुद्दा सुटला नव्हता. “और मूसा अलैहिस्सलाम का क्या?” त्यांनी विचारले. प्रश्न योग्यच होता, कारण कुरआनात जादूगारांचा एवढा मोठा प्रसंग दुसरा नाही. आम्ही सूरह आराफ आणि सूरह ताहा काढून तर्जुमा सोबत वाचला. फिरऔनचे जादूगार आधी बक्षिसाचे विचारून घेतात. मग दोऱ्या आणि काठ्या टाकतात. तिथे असे नाही म्हटलेले की दोऱ्यांचे साप झाले. लोकांच्या डोळ्यांवर जादू केली, दोऱ्या धावत आहेत असे भासले, असे म्हटले आहे. मुफस्सिरांनी यावर पुष्कळ लिहिले आहे, त्यात शिरण्याचा आमचा अधिकार नाही. पण भाषेचा शिक्षक म्हणून एक गोष्ट नजरेत भरली. मूसा अलैहिस्सलाम यांची काठी पाहून सर्वांत आधी सजद्यात कोण गेले? दरबारी नाही, पाहणारी गर्दी नाही. जादूगार गेले. कारण दोरी कशी हलते हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणून जे समोर आले ते दोरीचे काम नाही, हेही त्यांनाच आधी कळले. हातपाय तोडण्याची, सुळी देण्याची धमकी मिळाली तरी ते हलले नाहीत. दादी म्हणाल्या, “माने हुनर वालेकूच पैले समझा.” आम्हाला याहून चांगले सांगता आले नसते.

आपल्याकडे एक समज पसरला आहे की ढोंगी बाबांची पोले उघडणे हे काम फक्त नास्तिकांचे. तेराव्या शतकात दमिश्ककडच्या जमालुद्दीन अब्दुर्रहीम अल-जौबरी यांनी अरबीत एक आख्खे पुस्तक याच विषयावर लिहिले. खोटे शेख, खोटे नबी, सोने बनवून देणारे, भीक मागण्यासाठी आजारी दिसणारे, यांच्या युक्त्या त्यांनी एकेक करून उघड केल्या, त्याही एका मुस्लिम सुलतानाच्या सांगण्यावरून. श्रद्धेचा बाजार मांडणाऱ्याला उघडे पाडणे म्हणजे श्रद्धेवर घाव, असे त्यांना वाटले नाही.

आणि युक्ती लपवली की काय होते, त्याचाही एक दाखला आहे. अल्जेरियात फ्रेंचांची सत्ता होती. तिथल्या मुस्लिम कबिल्यांवर मराबूत म्हणवणाऱ्या पीरांचा मोठा प्रभाव होता. तो मोडण्यासाठी 1856 साली फ्रेंच सरकारने रॉबेर-हुदँ नावाचा जादूगारच तिथे पाठवला. त्याने मंचावर एक छोटी पेटी ठेवली. लहान मूल उचलेल अशी. मग एका धिप्पाड अरबाला बोलावून म्हणाला, मी तुझी ताकद काढून घेतो. त्या गड्याने जीव तोडून ओढले, पेटी तसूभर हलली नाही. मंचाखाली विद्युतचुंबक होता. शाळेत आम्ही खिळ्याला तार गुंडाळून जो करतो, त्याचाच थोरला भाऊ. पेटीच्या तळाला लोखंड. एवढ्यावर एका देशाला त्याची ‘कमजोरी’ पटवायची होती! चुंबकाचे ज्ञान त्या गड्याच्या गावी आधी पोहोचले असते तर तो पेटी सोडून मंचाखाली वाकून बघता. आमच्या वाचकांनी मुलांना विज्ञानाचा तास का चुकवू देऊ नये, याचे याहून सोपे कारण आम्हाला सुचत नाही.

महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षे झटले. त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्यानंतर अध्यादेश निघाला, डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. चमत्काराचा प्रयोग दाखवून पैसे उकळणे, लोकांना फसवणे, दहशत बसवणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड 5,000 पासून 50,000 रुपयांपर्यंत. कायदा कोणत्याही धर्माचे नाव घेत नाही. बाबा असो, भगत असो की आमिल, कलम तेच. पण कायद्याकडे जायला तक्रार लागते आणि तक्रार करायला फसलेल्या माणसाला आधी ‘मी फसलो’ म्हणावे लागते. कानातली फुले गेलेल्या बाईला ते म्हणणे किती जड असते, हे पोलीस ठाण्याच्या पायरीवरच कळते.

शाळेत काय करायचे हा आमच्यापुढचा प्रश्न वेगळाच होता. मुले सोमवारी तुटून पडली. नाणे कानात कसे गेले, पेटीतले काका कसे वाचले, कबूतर कुठून आले? प्रयोग वर्गात करून दाखवावेत तर कोणते? एखाद्याच्या पोटावर पाय तर येणार नाही? आम्ही त्या औषधाच्या दुकानातल्या जादूगाराला जाऊन विचारले. तो काउंटरवर गोळ्यांची पट्टी कापत होता. म्हणाला, “सर, लिंबू दाखवा. कबूतर दाखवू नका.”

आम्ही विचारले, फरक काय?

“कबुतरासाठी कोणी कानातले विकत नाही.”

त्याचे स्वतःचे गणितही त्याने सांगितले. वाढदिवसाला बोलावतात, कधी पैसे देतात, कधी केक. कबूतर मात्र रोज खाते, सुट्टी घेत नाही. लिंबाचा प्रयोग तो प्रत्येक कार्यक्रमात फुकट करतो आणि उघड करतो. दोन गावांनी त्यामुळे त्याला पुन्हा बोलावले नाही. हे सांगताना तो तक्रार करत नव्हता. मागे गिऱ्हाईक उभे होते, त्याला त्याने खोकल्याचे औषध दिले आणि जेवणानंतर घ्यायचे हे दोनदा सांगितले.

तर सातवीच्या वर्गात आम्ही जास्वंद, हळद, चुना, साबण आणि लिंबू एवढेच नेले. मुलांनी हळदीच्या कागदावर साबणाच्या पाण्याने नावे लिहिली, लाल उमटली. लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. तासभर दंगा चालला, वर्गाला कढीचा वास. कबुतराबद्दल विचारले तेव्हा आम्ही ठाऊक नाही म्हणालो, आणि खरोखरच ठाऊक नाही. जाणून घेण्याची फार इच्छाही नाही. आमच्या मुलाचा तर्क असा की कबूतर जादूगाराच्या चष्म्यात राहते.

ती बाई बुधवारी शाळेत आली. सिव्हिल हॉस्पिटलला कसे जायचे, कोणत्या दिवशी मेंदूचे डॉक्टर बसतात, एवढेच विचारले. लिंबाचा विषय तिने काढला नाही, आम्हीही नाही. मुलांच्या अम्मी तिच्यासोबत गेल्या, आम्ही दुपारची सुट्टी घेतली. डॉक्टरांनी झटका कसा येतो हे विचारले, मुलीच्या आईला नीट सांगता येईना तेव्हा वर्गात आम्ही जे पाहिले ते आम्ही सांगितले. किती मिनिटे, डोळे कुठे फिरतात, आधी काय होते. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हा मेंदूचा आजार आहे, लाज वाटण्याचा नाही. योग्य निदान आणि उपचार मिळाले तर दहापैकी सातजणांपर्यंतचे झटके थांबू शकतात. गोळी एक दिवसही चुकवायची नाही आणि बरे वाटले म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

ही शेवटची गोष्ट डॉक्टरांनी तिला तीन वेळा ऐकवली. बाहेर आल्यावर तिने आमच्याकडे पुठ्ठ्याचा तुकडा दिला. गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून हव्या होत्या. तिला मराठी वाचता येत नाही, उर्दू येते. आम्ही उर्दूत लिहिले: सकाळची फजरनंतर नाश्त्यासोबत, रात्रीची इशानंतर जेवल्यावर. खाली पुढच्या तपासणीची तारीख.

मुलीचे वडील अजून दर गुरुवारी त्या गावी जातात. आता एकटे जातात. पुठ्ठा त्यांच्या घरी चुलीशेजारच्या भिंतीवर टांगलेला आहे आणि काल आम्ही त्या गल्लीतून येताना धाकट्या जाऊबाई त्या दारात उभ्या होत्या.